समुद्री मासे आणि कोरलच्या टँकमध्ये वॉटर चेंज केला तरी फॉस्फेट परत वर येतं, तेव्हा नक्की काय बिघडलेलं असतं?

रविवारी वीस टक्के पाणी बदललं. संध्याकाळी टेस्ट केली तर नायट्रेट ४० वरून ३२ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.४० वरून ०.३२. बुधवारी नायट्रेट ३५ झालेलं असतं आणि फॉस्फेट थेट ०.३९. पुढच्या रविवारी दोन्ही आकडे होते तिथेच. जीएफओ (फॉस्फेट धरून ठेवणारे आयर्न ऑक्साइडचे दाणे) लावला की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. खडकावर केसाळ हिरवं शेवाळ वाढत राहतं, काचेवर दर दुसऱ्या दिवशी तपकिरी थर चढतो, झोअँथस (फुलांसारखे दिसणारे मऊ कोरल) अर्धवट मिटलेले.

वरचे आकडे नीट पाहा, निदान त्यातच आहे. नायट्रेट सावकाश, दिवसाला एक पीपीएमच्या आसपास चढलं. फॉस्फेट मात्र तीन दिवसांत जवळजवळ जागेवर आलं आणि तिथे थांबलं. नायट्रेट पाण्यात विरघळून राहतं, त्यामुळे पाणी बदललं की तेवढं जातं. फॉस्फेट कॅल्शियम कार्बोनेटला चिकटतं, म्हणजे तुमच्या दगडाला आणि अरॅगोनाइट वाळूला. पाण्यातलं कमी केलं की दगड आपल्याकडचं सोडतो आणि तोल पुन्हा साधतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांना एकच औषध चालत नाही. वर्षानुवर्षं लोक पाणी बदलत राहतात आणि शेवटी टँक विकून टाकतात, ते बहुतेक वेळा एवढ्याच गैरसमजापायी.

पुढचे सगळे हिशोब २०० लिटर प्रत्यक्ष पाणी आणि २० किलो दगड धरून केले आहेत. प्रत्यक्ष पाणी म्हणजे दगड-वाळूची जागा वजा करून, सम्पचं (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीचं) पाणी मिळवून.

कायद्याबद्दल आधीच सांगतो. भारतात सगळे कठीण कोरल वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेल्या कोरलचा सांगाडाही त्यातून सुटत नाही, त्यामुळे ‘लाइव्ह रॉक’ म्हणून कोरलचे तुकडे कुणी दिले तर घेऊ नका. बनवलेला कोरडा दगड वापरा. खाली कठीण कोरलचा उल्लेख येतो तो दुबई, सिंगापूर, अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी. इथल्या सॉफ्ट कोरलच्या टँकला हिशोब तोच, फक्त सहनशक्ती थोडी जास्त.

आकडा खरा आहे का, ते आधी बघा

कठीण कोरल असतील तर नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१० पीपीएम धरा. सॉफ्ट कोरलना नायट्रेट १५ पर्यंत आणि फॉस्फेट ०.१५ पर्यंत फारसं जाणवत नाही. इतक्या बारीक पट्ट्यात काम करायचं तर रंगाचे कार्ड फॉस्फेटसाठी कुचकामी आहेत. ०.०५ आणि ०.१५ मधला निळा डोळ्याला सारखाच दिसतो. हॅना कंपनीचा अल्ट्रा लो रेंज चेकर (रंग मोजून आकडा दाखवणारं छोटं यंत्र) घ्या, इथे पैसे वाचवू नका. त्यातलं एक मॉडेल आकडा फॉस्फरसमध्ये, पीपीबीत (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवतं. त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेटचे पीपीएम मिळतात. २० पीपीबी म्हणजे ०.०६ पीपीएम.

चेकरच्या चुका नेहमीच्याच: क्युव्हेटवर (नमुना भरायच्या काचेच्या कुपीवर) बोटांचे ठसे, काचेला आतून चिकटलेले बुडबुडे, पावडरचा अर्धा भाग पाकिटाच्या कोपऱ्यात राहिलेला. शून्य आणि अंतिम वाचन एकाच क्युव्हेटने, एकाच बाजूने करा. काचेवर मार्करने रेघ मारून ती रेघ दोन्ही वेळा समोर ठेवली की निम्मा गोंधळ संपतो. एकामागून एक तीन वेळा मोजून बघा. तिन्ही आकड्यांत ०.०४ चा फरक येत असेल तर ०.०५ चं ०.०९ झालं म्हणून घाबरण्यात अर्थ नाही.

नायट्रेटच्या एपीआय किटमध्ये दुसरी बाटली ३० सेकंद जोरात हलवावी लागते, थेंब टाकल्यावर नळी मिनिटभर, मग पाच मिनिटं थांबायचं. बाटली न हलवता टाकली की ४० चं ५ दिसतं. सॅलिफर्टमध्ये कमी आकडे बाजूने बघून दहाने भागायचे असतात, तेही विसरलं जातं. टँक नवा असेल आणि नायट्राइट शिल्लक असेल तर कुठलंही किट नायट्रेट फुगवून दाखवतं, कारण ही किट्स नायट्रेटचं आधी नायट्राइट करतात आणि मग तेच मोजतात.

किटवर शंका असेल तर स्वतः प्रमाण द्रावण बनवा. लॅब ग्रेड पोटॅशियम नायट्रेट १.६३ ग्रॅम, एक लिटर शून्य टीडीएसच्या पाण्यात: हे १००० पीपीएम नायट्रेट. त्यातले १० मिली घेऊन पुन्हा एक लिटर करा: हे १० पीपीएम. किटने ८ ते १२ दाखवलं तर किट चांगलं आहे.

आत किती जातं

कोरड्या पेलेटमध्ये साधारण ४५ टक्के प्रथिनं आणि एक टक्क्याच्या आसपास फॉस्फरस असतो. प्रथिनांच्या वजनाला ६.२५ ने भागलं की नायट्रोजन मिळतो. म्हणजे एक ग्रॅम पेलेटमध्ये ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन, त्याचं शेवटी सुमारे ३२० मिलिग्रॅम नायट्रेट होतं. २०० लिटरमध्ये हे १.६ पीपीएम. फॉस्फरस १० मिलिग्रॅम, म्हणजे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट, म्हणजे ०.१५ पीपीएम. रोज एक ग्रॅम टाकलात तर रोज एवढं आत जातं. थोडं माशांच्या अंगी लागतं, थोडं स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) काढतो, पण बाकीचं कुठे तरी जमा होणारच.

म्हणून चिमटीने खाणं टाकणं बंद करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा आणा आणि आठवडाभर रोजचं खाणं मोजून लिहा. घरात दोघं-तिघं मासे खाऊ घालत असतील तर सात छोट्या डब्यांत आठवड्याचं खाणं आधीच भरून ठेवा. डबी रिकामी दिसली की आज कुणीतरी घातलंय हे कळतं.

फ्रोझन खाणं धुवायचं की नाही यावर फार वाद होतात. वितळलेल्या पाण्यातलं फॉस्फेट खुद्द खाण्यातल्या फॉस्फेटपुढे किरकोळ असतं. चाळणीत धरून धुतलंत तर चांगलंच, पण त्याने टँक सुधारेल अशी आशा धरू नका. खरी काळजी वेगळ्या ठिकाणी घ्यायला हवी. सुपरमार्केटमधली सोललेली पाकीटबंद कोळंबी बऱ्याचदा पाणी धरून ठेवण्यासाठी सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेटमध्ये बुडवलेली असते. पाकिटावर आयएनएस ४५१ किंवा ४५२ दिसलं तर ती माशांसाठी नको. हे फॉस्फेट लगेच टेस्टमध्ये दिसतही नाही, कारण किट फक्त ऑर्थोफॉस्फेट, म्हणजे सुटं फॉस्फेट मोजतं. जिवाणूंनी ते तोडलं की काही दिवसांनी आकडा चढतो आणि मग कारण सापडत नाही. कोळिणीकडून ताजी कोळंबी किंवा तिसऱ्या घ्या, आरओच्या पाण्यात धुवून बारीक चिरा, पातळ वड्या पाडून गोठवा.

नायट्रेट: हा सरळ भागाकार आहे

आठवड्याला टँकमध्ये जेवढे पीपीएम नायट्रेट भर पडते, त्याला तुम्ही बदलता त्या पाण्याच्या प्रमाणाने भागा. आकडा तिथे जाऊन स्थिरावतो. वरच्या टँकमध्ये आठवड्याला ८ ची भर आहे आणि २० टक्के बदल, म्हणून ८ ÷ ०.२० = ४०. दहा टक्के बदलत असता तर ८० वर गेला असता. १० वर आणायचा तर दर आठवड्याला ८० टक्के पाणी बदलावं लागेल, जे कुणी करणार नाही.

तेव्हा भर कमी करायची. क्रमाने करा आणि दोन बदलांमध्ये दोन आठवडे सोडा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

फिल्टर सॉक (सम्पमध्ये येणारं पाणी गाळणारी कापडी पिशवी) दर तीन दिवसांनी बदला. आठवडाभर ठेवलेला सॉक म्हणजे नायट्रेटचा कारखाना, अडकलेली घाण तिथेच कुजत असते. स्किमरची मान दर तीन-चार दिवसांनी पुसा. मानेत चिकट थर बसला की फेस चढत नाही आणि स्किमर नुसता पाणी घुसळतो. सम्पच्या तळातला गाळ महिन्यातून एकदा सायफनने ओढा. पाणी बदलायच्या अर्धा तास आधी मोठ्या पिचकारीने दगडांच्या फटींत पाण्याचा जोर मारा. पहिल्यांदा कराल तेव्हा निघणारा राखाडी ढग बघून धक्का बसेल. वाळूचा थर चार सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर एका वेळी चतुर्थांशच उपसा. जुन्या जाड थरात हायड्रोजन सल्फाइड साठलेलं असू शकतं, सडक्या अंड्याचा वास आला तर लगेच थांबा.

एवढ्याने ८ ची भर ४ वर येऊ शकते. उरलेल्यासाठी शैवाल किंवा कार्बन डोसिंग, म्हणजे व्हिनेगर (ते खाली येतं). सम्पमध्ये कीटोमॉर्फा या दोऱ्यासारख्या हिरव्या शैवालाचा गोळा ठेवून त्यावर रात्री दिवा लावला तर नायट्रेटबरोबर थोडं फॉस्फेटही जातं आणि रात्रीचा पीएच कमी पडतो तोही सावरतो. गोळा हाताला घट्ट लागला की एक तृतीयांश कापून टाका. कापून बाहेर काढलं तेवढंच टँकमधून गेलं.

साठलेलं ४० एकदाच उतरवायचं असेल तर तीन-चार दिवसांच्या अंतराने ४० टक्क्यांचे तीन बदल करा. मधली भर सोडली तर ४० चे २४, मग १४, मग ९. नव्या पाण्याचं तापमान आणि क्षारता जुळवलेली हवी: २५-२६ अंश, ३५ पीपीटी.

नवं पाणीच दोषी असेल तर

घरचा पिण्याचा प्युरिफायर टँकसाठी वापरू नका. बऱ्याच यंत्रांत टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी आरओला टाळून परत मिसळतो. तुमच्या ग्लासात ६०-८० टीडीएस येतो तो त्यामुळे. आरओच्या मेम्ब्रेननंतर डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचं) कार्ट्रिज असलेलं वेगळं युनिट हवं आणि बाहेर येणारं पाणी शून्य टीडीएसचं हवं. टीडीएस १ दिसला की रेझिन बदला. थकलेलं रेझिन आधी धरून ठेवलेलं सोडूही लागतं.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि मराठवाडा-विदर्भात बोअरचं पाणी तिच्या वर जाणं नवं नाही. समजा पाण्यात ६० आहे आणि मेम्ब्रेनने ९० टक्के अडवलं, तरी ६ उरतं. उन्हाळ्यात रोज तीन लिटर बाष्पीभवन भरून काढलंत तर रोज १८ मिलिग्रॅम नायट्रेट आत जातं, आठवड्याला ०.६ पीपीएमहून जास्त. पाणी उडतं, नायट्रेट राहतं.

फॉस्फेट: दगड रिकामा करावा लागतो

संशय पक्का करायला बादली टेस्ट करा. टँकमधला किलोभर दगड काढा, शैवाल खरवडून टाका, पाच लिटर नव्या खाऱ्या पाण्यात ठेवा. छोटा पंप, हीटर, वर झाकण, अंधार. सुरुवातीला फॉस्फेट ०.०० असल्याची खात्री करा. २४ तासांनी आणि ७२ तासांनी मोजा. आकडा ०.२ च्या पुढे गेला तर दगड भरलेला आहे. ०.०३ च्या आत राहिला तर दगड निर्दोष, तुमचं फॉस्फेट खाण्यातून येतंय, वरचा भाग पुन्हा वाचा.

भरलेल्या दगडाला जीएफओ पुरत नाही असं नाही, पण महाग पडतो. फॉस्फेट ०.३ च्या वर असताना घातलेला जीएफओ काही दिवसांत संपतो. लोकांना वाटतं माल खराब निघाला. रिअ‍ॅक्टरमधून म्हणजे जीएफओ भरलेल्या नळीतून बाहेर पडणारं पाणी मोजा: टँकइतकंच फॉस्फेट असेल तर माल संपलाय, कमी असेल तर तो काम करतोय आणि दगड भरपाई करतोय. ही एक मोजणी केली तर बरेच पैसे वाचतात.

०.३ च्या वर लँथॅनम क्लोराइड स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण हातघाई केली तर मासे मरतात. लँथॅनम फॉस्फेटशी मिळून न विरघळणारा पांढरा चुरा बनतो. हा चुरा पकडला नाही तर तो माशांच्या कल्ल्यांत जातो, आणि टँग जातीचे मासे सगळ्यात आधी धापा टाकू लागतात. थोडं लँथॅनम कार्बोनेटशीही जुळतं, म्हणून केएचही (पाण्याची अल्कलिनिटी) खाली येतो.

२०० लिटरमध्ये फॉस्फेट ०.१ ने उतरवायचं म्हणजे २० मिलिग्रॅम फॉस्फेट काढायचं. त्याला हिशोबाने ७८ मिलिग्रॅम लँथॅनम क्लोराइड हेप्टाहायड्रेट लागतं. पहिल्या दिवशी निम्मंच घ्या, ४० मिलिग्रॅम. एक लिटर शून्य टीडीएसच्या पाण्यात विरघळवा. सलाइनच्या नळीने थेंबथेंब, सहा ते आठ तासांत, सम्पमधल्या ५ किंवा १० मायक्रॉनच्या सॉकमध्ये सोडा. सॉक त्याच दिवशी काढून धुवा. दुसऱ्या दिवशी फॉस्फेट आणि केएच मोजा, मग पुढचा डोस ठरवा. दिवसाला ०.०५ पेक्षा जास्त उतरवू नका. स्विमिंग पूलसाठी मिळणाऱ्या बाटल्यांत प्रमाण वेगवेगळं असतं, लेबलवर टक्केवारी नसेल तर ती बाटली घेऊ नका.

०.१५ वर आलं की लँथॅनम थांबवा आणि ३० ग्रॅम जीएफओ धुवून लावा. धुताना लालसर पाणी स्वच्छ होईपर्यंत आरओचंच पाणी वापरा. रिअ‍ॅक्टरमध्ये वरचे दाणे जेमतेम हलले पाहिजेत. खळखळ उकळल्यासारखे फिरले तर एकमेकांवर घासून पीठ होतं आणि लाल धूळ टँकभर पसरते.

आकडा परत चढेल. चढू दे. प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी आणि उशिरा चढतोय का, एवढंच बघा. पहिल्या आठवड्यात तीन दिवसांत ०.१० ची उसळी असेल, दुसऱ्या महिन्यात आठवड्याला ०.०४. वहीत तारीख, आकडा आणि जीएफओ बदलल्याची खूण लिहीत गेलात तर दगड रिकामा होताना डोळ्यांना दिसतो. याला दोन-तीन महिने लागतात. मधेच कंटाळून सगळं बंद करणं हीच इथली मोठी चूक.

व्हिनेगर घातलं, नायट्रेट शून्य झालं, फॉस्फेट हललंच नाही

कार्बन डोसिंगमध्ये जिवाणूंना खाद्य मिळतं, ते वाढताना नायट्रेट-फॉस्फेट अंगात घेतात, आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. स्किमर नसेल तर हे करूच नका. आपल्याकडचं साधं रंगहीन सिंथेटिक व्हिनेगर साधारण ४ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचं असतं, लेबल बघून घ्या. २०० लिटरला पहिले तीन दिवस रोज २ मिली, मग आठवडा संपेपर्यंत ४ मिली, नंतर दर आठवड्याला रोजच्या डोसमध्ये २ मिलीची वाढ. सकाळी दिवे लागल्यावर, जोरदार प्रवाहात. नायट्रेट उतरायला लागलं की वाढ थांबवा, ५ वर आलं की डोस निम्मा करा. पाणी दुधाळ झालं तर तीन दिवस बंद: जिवाणू फार झालेत आणि ते रात्री ऑक्सिजन ओढतात. जिथे वीज तासन्तास जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप जोडल्याशिवाय व्हिनेगरला हात लावू नका. पंप बंद आणि पाण्यात भुकेले जिवाणू, अशा रात्री सगळा टँक जाऊ शकतो.

आता अडकण्याचं कारण. जिवाणूंना एका फॉस्फेटमागे बरंच नायट्रोजन लागतं. नायट्रेट संपलं की त्यांची वाढ थांबते आणि फॉस्फेट ०.२५ वर तसंच राहतं. वाळूवर लाल मखमली सायनो (सायनोबॅक्टेरियाचा थर) पसरतो तो नेमका अशा वेळी. इथे व्हिनेगर वाढवायचं नाही, उलट नायट्रेट घालायचं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण काम करतं. ३२.६ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट एक लिटर पाण्यात विरघळवा. त्यातले १० मिली २०० लिटरला १ पीपीएम देतात. रोज १ ने वाढवत ५ वर न्या आणि तिथे धरा. द्राक्षबागेला ठिबकमधून देतात ते १३:००:४५ म्हणजे हेच रसायन, तरी टँकमध्ये खताच्या पिशवीतलं नको, लॅब ग्रेड घ्या.

दोन्ही आकडे शून्य

शून्य बघून आनंद होतो आणि तिथून खरं संकट सुरू होतं. आधी खात्री करा की शैवालच सगळं पीत नाहीये. दगडावर बोटभर केसाळ शेवाळ असताना किटमध्ये दिसणारं शून्य खोटं असतं, ते हाताने उपटून काढल्यावर खरा आकडा कळतो. शेवाळ नसताना शून्य असेल तर कोरल फिके पडतात, कठीण कोरलची टोकं जळतात (केएच ९ च्या वर ठेवला असेल तर लवकरच), आणि डायनोफ्लॅजेलेट्स येतात. तपकिरी, शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारी पुन्हा दाट.

जीएफओ काढा. व्हिनेगर रोज थोडं कमी करत आठवड्यात बंद करा. वॉटर चेंज थांबवा, त्याने डायनो वाढतात. नायट्रेट वरच्या द्रावणाने ५ ते १० वर न्या. फॉस्फेटसाठी १.४३ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट एक लिटरमध्ये विरघळवा. त्यातले १० मिली २०० लिटरला ०.०५ देतात.

कोरड्या दगडाचा नवा टँक असेल तर संध्याकाळी घातलेलं ०.०५ सकाळी ०.०० दिसेल. किट बिघडलेलं नाही. जो दगड जुन्या टँकमध्ये फॉस्फेट सोडत होता, तोच इथे रिकामा असल्यामुळे ओढून घेतोय. रोज संध्याकाळी मोजा आणि तेवढंच पुन्हा घाला. २४ तासांनंतरही आकडा ०.०५ वर टिकलेला दिसला की डोस थांबवा आणि नेहमीचं खाणं सुरू ठेवा.